विमानातून सुटलेली गोळी : वेग, वायुरोध आणि दिशा

बंदुकीतून किंवा तोफेतून सुटलेल्या गोळीच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला प्रक्षेपशास्त्र म्हणतात. त्याच्या तीन शाखा मानल्या जातात. गोळी नळीत असताना काय घडते ते आंतरिक शाखा पाहते, नळीच्या मुखापासून लक्ष्यापर्यंतचा प्रवास बाह्य शाखेकडे येतो आणि लक्ष्यावर आदळल्यानंतरचा परिणाम आघातशाखा अभ्यासते. वेगवान विमानातून गोळी झाडताना बाह्य शाखेचे नियम तेच राहतात, परंतु त्या नियमांत घालावयाच्या राशी इतक्या बदलतात की जमिनीवरच्या नेमबाजाचा अनुभव तेथे फारसा उपयोगी पडत नाही.

या विषयाचे मूळ विमानाच्या जन्माच्या बरेच आधीचे आहे. संथ पाण्यावर समगतीने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत वस्तू अगदी स्थिर जमिनीवरच्यासारख्याच वागतात, हे गॅलिलिओने 1632 मध्ये मांडले. प्रक्षेपित वस्तूचा निर्वात मार्ग अन्वस्त असतो, हेही त्याने 1638 मध्ये दाखवून दिले. पुढे 1742 मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने लंबकावर गोळ्या झाडून त्यांचे वेग मोजले आणि हवेचा विरोध समजला जात होता त्याहून कितीतरी प्रबळ असल्याचे सिद्ध केले. विमानातील तोफेचे सारे कोडे या दोन विचारांच्या मधोमध उभे आहे. गॅलिलिओच्या नियमाने गोळीला विमानाचा वेग आयता मिळतो, आणि रॉबिन्सच्या हवेत तो झपाट्याने खर्ची पडतो.

उदाहरणार्थ, विमान सेकंदाला 300 मीटर वेगाने जात असून त्याच्या तोफेचा मुखवेग सेकंदाला 870 मीटर आहे असे धरू. समोर झाडलेला गोळा हवेच्या संदर्भात सेकंदाला 1,170 मीटर वेगाने निघेल. वैमानिकाला मात्र तो 870 मीटर वेगानेच दूर जाताना दिसेल. वायुरोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे या गोळ्यावरील विरोध जमिनीवरून झाडलेल्या गोळ्याच्या सुमारे 1.8 पट असतो. उंचीचा लाभ येथे मोठा आहे. 12 किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास एक चतुर्थांश उरते. त्यामुळे तेथे गोळा आपला वेग बराच काळ टिकवून धरतो.

विमानाला इंजिन असते आणि गोळ्याला नसते, हा साधा भेद किती गंभीर ठरू शकतो हे 21 सप्टेंबर 1956 रोजी अमेरिकेत दिसले. ग्रमन कंपनीचा चाचणी वैमानिक टॉम ॲट्रिज न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यापलीकडे एफ-11 टायगर या विमानाच्या 20 मिलिमीटर तोफांची चाचणी घेत होता. उथळ सूर मारत असताना सुमारे 13,000 फूट उंचीवर त्याने गोळ्यांच्या दोन फैरी झाडल्या आणि नंतर सूर अधिक तीव्र केला. पुढे निघून गेलेले गोळे वायुरोधाने मंदावत होते, गुरुत्वाकर्षणाने त्यांचा मार्ग खाली वाकत होता, आणि इंजिनाच्या जोरावर विमान अधिक उताराच्या मार्गाने त्याच जागेकडे चालले होते. सुमारे 7,000 फुटांवर दोन्ही मार्ग एकमेकांस मिळाले. गोळे सुटल्याला तोवर जेमतेम 11 सेकंद झाले होते. समोरची काच फुटली. ॲट्रिजला प्रथम पक्षी आदळला असे वाटले. तो तळाकडे परतू लागला, पण इंजिनाचीही हानी झाली होती. विमान धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत कोसळले. ॲट्रिज जबर जखमी झाला, तरी वाचला, आणि पुढे त्याच कंपनीत चांद्रयानाच्या कामावर त्याने जबाबदारीचे पद सांभाळले. या घटनेत नशिबाचा भाग मोठा होता हे खरे, पण तिच्यात गूढ असे काहीच नाही. दोन्ही मार्ग कागदावर आखले तरी त्यांचा छेदबिंदू सापडतो.

वेगाइतकाच दिशेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तीव्र वळण घेताना विमानाचे नाक त्याच्या प्रत्यक्ष गतीच्या दिशेहून वर रोखलेले असते. या दोन दिशांमधील कोन 10 अंश आणि विमानाचा वेग सेकंदाला 250 मीटर असेल, तर वरच्याच मुखवेगाचा गोळा नळीच्या रेषेपासून सुमारे 2.2 अंश ढळतो. 500 मीटर अंतरावर हा फरक 19 मीटरांपर्यंत जातो, म्हणजे अख्खे लढाऊ विमान सहज चुकावे इतका. गुरुत्वाकर्षणाने होणारी घट त्यात अजून धरलेलीच नाही.

बाजूला झाडलेल्या गोळीची गती मला सर्वांत विलक्षण वाटते. तिचे टोक नळीच्या दिशेला असते, पण तिचा वेग विमानाच्या पुढच्या दिशेकडे कललेला असतो. त्यामुळे बाहेर पडताच तिला तिरपा वारा लागतो. नळीतील सर्पिल खाचांनी तिला स्वतःभोवती फिरकी दिलेली असते, आणि फिरणाऱ्या वस्तूला आडवा रेटा मिळाला की ती त्याला काटकोनात प्रतिसाद देते. उजवी फिरकी असलेली गोळी उजवीकडे झाडली तर किंचित खाली आणि डावीकडे झाडली तर किंचित वर उसळते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांच्या नेमगणकांत याची दुरुस्ती समाविष्ट करावी लागली. याउलट, शेपटीकडून मागे झाडलेल्या गोळीच्या वेगातून विमानाचा वेग वजा होतो. दोन्ही वेग नेमके समान असते, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ती गोळी जागच्या जागी सरळ खाली पडताना दिसली असती.

तोफेचा धक्का विमानालाही सोसावा लागतो. ए-10 या अमेरिकी विमानाच्या 30 मिलिमीटर तोफेचा सरासरी प्रतिक्षेप त्याच्या दोन इंजिनांपैकी एकाच्या रेट्याहून थोडा अधिक आहे. म्हणून झाडणारी नळी बरोबर मध्यरेषेवर यावी अशा बेताने तोफ बसवली आहे आणि पुढचे चाक बाजूला सरकवले आहे.

हे सर्व हिशेब युद्धाच्या क्षणी मनात करणे कोणालाही अशक्य आहे. 1940 च्या दशकात भ्रमणदर्शी बसवलेले नेमयंत्र आले आणि वळणाच्या गतीवरून लक्ष्याच्या किती पुढे नेम धरावा हे ते दाखवू लागले. पुढे रडार आणि संगणक त्याला जोडले गेले. तरीही धोका संपला नाही. जानेवारी 2019 मध्ये नेदरलँड्समधील सरावक्षेत्रावर एका एफ-16 विमानाला स्वतःच्याच तोफेचा गोळा लागला, मात्र ते सुखरूप उतरले.

नेम साधायला वेळ किती थोडा मिळतो याचे आपल्याकडचे उदाहरण पाहा : नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेल्या सुखोई-30 एमकेआय विमानात 30 मिलिमीटरची एकनळी तोफ असते. तिच्यासाठी 150 गोळे भरलेले असतात आणि मिनिटाला 1,500 ते 1,800 गोळे या गतीने ते पाच-सहा सेकंदांत संपतात.