रविवारी गोळीला सुट्टी असावी काय?

अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता हा विकार, म्हणजे वैद्यकीय परिभाषेतील एडीएचडी, शहरी सुखवस्तू कुटुंबांपुरताच मर्यादित आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो निराधार आहे. शहरात असतात ते निदान करणारे. मुले सर्वत्र असतात. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या झरी जामणी तालुक्यात अशा मुलाला आजवर ‘वांड’ याहून वेगळे निदान मिळण्याचा संभव फारसा नव्हता. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत या विकाराचा अंतर्भाव झाला. त्यामुळे त्या भागातील एखादे मूल यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचून गोळ्या घेऊन परतणे आता अशक्य राहिलेले नाही. पुढचा प्रश्न मात्र घरातच सोडवावा लागतो. शाळा नसलेल्या दिवशी गोळी द्यावी की न द्यावी?

या प्रश्नाचे मूळ औषधाच्या स्वभावात आहे. 1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने अस्वस्थ मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक दिले, तेव्हा ती मुले अनपेक्षितपणे अभ्यासाला बसू लागली; मुलांनीच त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हटले. आज प्रामुख्याने वापरले जाणारे मिथिलफेनिडेट 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. त्याची साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू पडते, तीन-चार तासांत तिचा प्रभाव ओसरतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते शरीरात जवळजवळ उरत नाही. म्हणूनच एक दिवस खंड पाडणे मुळात शक्य होते. हे प्रत्येक औषधाला लागू नाही. अॅटोमॉक्सेटिनचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, त्यात दर रविवारी खंड पाडणे निरर्थक होय. आणि क्लोनिडिन एकाएकी थांबवले तर रक्तदाब उसळू शकतो. तेव्हा कोणती गोळी, हे विचारल्याखेरीज सुट्टीची भाषा करणेच धोक्याचे.

सुट्टीच्या बाजूने जे सांगितले जाते ते भूक, झोप आणि वाढ यांविषयी आहे. मिथिलफेनिडेटने भूक मंदावते हे निर्विवाद आहे. अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की तीन वर्षांअखेर औषध घेणारी मुले न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 2 सेंटीमीटरने कमी उंच आणि 2.7 किलोने हलकी भरली. ब्राझीलमध्ये 2004 साली 40 मुलग्यांवर झालेल्या प्रयोगात शनिवार-रविवारी खरी गोळी वगळल्याने झोपेची तक्रार कमी झाली आणि सोमवारी लक्षणे बळावली नाहीत. प्रयोग आश्वासक खरा; परंतु तो 28 दिवसांचा होता आणि त्यात मुली नव्हत्या, एवढे ध्यानात ठेवून त्याचे मोल करावे.

झरी जामणीच्या संदर्भात भुकेचा मुद्दा निराळेच रूप घेतो. कोलाम आणि गोंड वस्त्यांतील कित्येक मुलांचे दिवसाकाठचे सर्वांत भरवशाचे जेवण म्हणजे शाळेतील माध्यान्ह भोजन. दहाच्या सुमारास शाळेत निघताना घेतलेल्या गोळीचा अंमल नेमका त्या पंगतीच्या वेळी चालू असतो. म्हणजे शासन ताट वाढते आणि गोळी ते परत करते! रात्री भूक परतते, तेव्हा घरात काय उरले असेल याचा भरवसा नाही. परदेशी मूल सुट्टीच्या दिवशी भरपूर खाऊन तूट भरून काढते, असे गृहीत धरले जाते. येथे रविवारी शाळेचे जेवणच नसते. त्यामुळे रविवारी परतलेल्या भुकेपुढे अन्न असेल तरच त्या सुट्टीला अर्थ आहे. किंबहुना अशा घरात गोळी थांबवण्याइतकाच गोळीची वेळ बदलण्याचा, सकाळी आधी पोटभर न्याहारी देण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून व्हावयास हवा.

दुसरे असे, की ‘सुट्टी’ हा शब्द शहरातून आलेला आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. कापूस वेचणीच्या हंगामात रविवारी मूल आईबापाबरोबर शेतात जाते. तेथे कठडा नसलेली विहीर असते, बैलगाडी असते, फवारणीची डबकी असतात. याच जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती सारी मोठी, जाणती माणसे होती. विचार येताक्षणी कृती करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला अशा जागी औषधाविना न्यावे काय, हा प्रश्न वर्गातल्या शिस्तीपेक्षा गंभीर आहे. ज्या रविवारी मूल घरीच, आजीच्या नजरेखाली राहणार असेल, तो रविवार वेगळा.

खर्चाचा हिशेबही नाकारता येत नाही. दोन दिवस गोळी वगळली तर वर्षात 104 गोळ्या वाचतात, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक. पण मोठा खर्च गोळीचा नाहीच. पांढरकवडा मागे टाकून यवतमाळ गाठण्यात दोघांची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते, आणि हे औषध 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत असल्याने ते प्रत्येक दुकानी मिळत नाही. गोळ्या पुरवून पुरवून वापरण्याची पाळी येते ती यामुळे. या सक्तीच्या काटकसरीला वैद्यकीय सुट्टीचे नाव देणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

शाळेच्या दिवसांपुरतेच औषध, या तत्त्वामागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. निदानाच्या नियमानुसार या विकाराची लक्षणे एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. ती केवळ वर्गातच दिसत असतील तर दोष पटसंख्येचा किंवा शिकवण्याच्या रीतीचाही असू शकेल. आणि घरी, खेळात, भावंडांतही दिसत असतील, तर रविवारचे भांडण व एकटेपण हेही त्या मुलाचेच दुःख आहे. ते गुणपत्रिकेत उमटत नाही एवढेच.

ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना दर आठवड्याच्या खंडाचा सरसकट पुरस्कार करत नाहीत. औषधाने उंचीवर परिणाम होत असेल तर शाळेच्या सुट्ट्यांत आखून खंड द्यावा, असे त्या सुचवतात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा डॉक्टरांच्या संमतीने असा खंड पाहण्यास उन्हाळा हाच सोयीचा. औषधाची गरज अजून आहे की नाही, हेही त्यात उमगते. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी व उंची सहा महिन्यांनी नोंदवावी, असेही त्याच सूचनांत आहे. बाल स्वास्थ्याचे पथक शाळेत वर्षातून एकदाच येते. मधल्या नोंदी शाळेच्या शिक्षकाने वा आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेने एका वहीत केल्या, तर यवतमाळच्या डॉक्टरांसमोर आईला निदान तोंडी आठवणीवर बोलावे लागणार नाही.