ऑफिसमधलं हसू: विनोद जमायलाच हवा का?

मीटिंगमध्ये सगळे हसले, पण विनोद ज्या जुन्या टीव्ही मालिकेवर होता ती आपण पाहिलेलीच नाही! परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल. मग वाटतं, इंग्रजीतून विनोद करणं आपल्याला जमायचं नाही. गप्प बसलेलं बरं.

इथे विज्ञान थोडा दिलासा देतं. अमेरिकेतले मेंदूवैज्ञानिक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी मॉलमध्ये, रस्त्यावर लोक गप्पा मारताना कधी हसतात, याच्या १२०० नोंदी केल्या. हसण्याआधीच्या वाक्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के वाक्यं विनोदी म्हणावीत अशी होती. बाकीची 'चला, निघतो आता' अशा छापाची! शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. म्हणजे हसू ही विनोदाला दिलेली दाद कमी आणि 'आपण सोबत आहोत' ही खूण जास्त.

ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत खळखळून हसल्यावर लोकांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली दिसली. यामागे एंडॉर्फिन हे मेंदूतलं रसायन असावं, असं ते मानतात.

पण प्रत्येक विनोद गुणकारी नसतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या: माणसं जोडणारी, स्वतःला उभारी देणारी, दुसऱ्याला टोचणारी आणि स्वतःलाच कमी लेखणारी. टीमला हसवण्यासाठी रोज आपल्याच उच्चारांची खिल्ली उडवणं या चौथ्या शैलीत मोडतं. ते टाळलेलंच बरं.

त्यापेक्षा पुढच्या वेळी सरळ विचारा, "मला नाही कळला, सांग ना!" समजावून सांगताना सांगणारा बहुधा पुन्हा हसेल. या वेळी त्या हसण्यात तुम्हीही असाल.