मोटारीच्या पोटातले दुखणे

मुलांनो, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत विजेच्या मोठ्या मोटारी चालतात. मोटारीच्या फिरणाऱ्या भागाला रोटर म्हणतात. त्यात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा असतो. मोटार वारंवार चालू-बंद केली की दांड्या तापतात, ताणल्या जातात आणि एखादी तुटते. मग तिचा भार शेजारच्या दांड्यांवर पडतो व त्याही तुटू लागतात.

मोटार न उघडता हे ओळखायचे कसे? ॲमीटर पाहावा. त्याचा काटा एका तालात डोलतो. आवाजही चढतो-उतरतो. चार ध्रुवांच्या मोटारीत चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेऱ्या घेते. रोटर १४७० फेऱ्या घेत असेल, तर तो ३० फेऱ्या मागे पडतो. आता ३० ला ध्रुवांच्या संख्येने, म्हणजे ४ ने, गुणा आणि ६० ने भागा. उत्तर २ येते. काटा सेकंदाला दोनदाच डोलत असेल, तर दांडीचा संशय घ्यावा. कॉम्प्रेसरवर मात्र घाई नको; तेथे भारच कमी-जास्त होतो.

ही तपासणी मोटारीवर भार असतानाच करावी. रिकाम्या मोटारीत रोटर फारसा मागे पडत नाही, म्हणून दोष लपतो. दुरुस्तीच्या दुकानात मोटार नुसती फिरवून "ठीक आहे" म्हणणे मला तरी पटत नाही.