जुन्या पिकअपची पेट्रोलगळती

बंद करून ठेवलेल्या मोटारीचें दार उघडतांच पेट्रोलचा वास आला, तर पुष्कळ लोक खिडक्या खालीं करतात आणि गाडी सुरू करतात. वारा लागला कीं वास जातो, व वास गेला कीं गळतीहि थांबली अशी समजूत होते. ही समजूत धोक्याची आहे.

पेट्रोल हा पदार्थ मोठा फसवा. पाणी गळालें तर फरशीवर थारोळें दिसतें, इंजिनचें तेल गळालें तर काळा डाग राहतो. पेट्रोल मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत टपकतां टपकतांच उडून जातें, आणि मागें उरतो तो केवळ वास. ही वाफ हवेपेक्षां तिपटीचौपटीनें जड असते. ती वर न जातां जमिनीलगत पसरते. खड्ड्यांत, गटारांत, गॅरेजच्या कोपऱ्यांत सांचते. हवेच्या शंभर भागांत तिचा सुमारें दीड भाग मिसळला कीं ठिणगीचाच काय तो अवकाश राहतो. उणे चाळीस अंशांच्या कडाक्यांतसुद्धां पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतें, तेव्हां थंडीचे दिवस आहेत ही सबब येथें चालत नाहीं. अमेरिकेंतील अनेक घरांत पाणी तापविण्याचा गॅसचा बंब मोटारीच्या शेजारींच, गॅरेजमध्यें असतो. जमिनीवरून सरपटत जाणाऱ्या वाफेला त्याची लहानशी ज्योत पुरेशी होते.

पिकअप म्हणजे पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती कॅब व मागें उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. अमेरिकेंत शेतकऱ्यांनीं, सुतारांनीं, नळकाम करणाऱ्यांनीं ती घरच्या बैलाप्रमाणें राबविली, आणि त्या काळच्या कित्येक गाड्या आजहि हौसेनें जपल्या जातात. परंतु त्यांची एक गोष्ट आजच्या मनुष्यास विलक्षण वाटेल. शेव्रोलेच्या १९६७ ते १९७२ या वर्षांतील सी-१० पिकअपची पेट्रोलची टाकी कॅबच्या आंतच, आसनाच्या मागें उभी केलेली असे. फोर्डच्या त्या काळच्या एफ-१०० ची तीच तऱ्हा होती. म्हणजे सत्तरऐंशी लिटर पेट्रोल पाठीशीं घेऊन माणसें बसत. आपल्याकडील जुन्या पेट्रोल जीपमध्यें टाकी चालकाच्या आसनाखालीं असे, हेंहि या ठिकाणीं आठवण्याजोगें आहे. १९७३ सालीं शेव्रोलेनें टाकी कॅबबाहेर काढली खरी, पण ती सांगाड्याच्या तुळयांच्या बाहेरच्या अंगास लावली. बाजूनें धडक बसली असतां अशा गाड्या पेट घेतात, असा आरोप पुढें झाला. अमेरिकन सरकारनें १९९२ सालीं चौकशी आरंभिली, आणि १९९४ च्या डिसेंबरांत कंपनीनें सुरक्षिततेच्या कार्यक्रमांवर ५ कोटी १० लाख डॉलर खर्च करण्याचें मान्य केल्यावर ती संपली. गाड्या मात्र परत मागविल्या गेल्या नाहींत.

आतां गळतीकडे वळूं. या गाड्यांत पेट्रोलचा मार्ग सरळ आहे. टाकीपासून पोलादी नळी सांगाड्याच्या कडेनें पुढें येते. मधें हातभर रबरी नळी. मग इंजिनच्या अंगास बसविलेला पंप. त्यापुढें गाळणी आणि शेवटीं कार्ब्युरेटर. पंपापर्यंत पेट्रोल ओढलें जातें, पंपाच्या पुढें तें ढकललें जातें. एवढा एक भेद मनांत पक्का धरला तर निम्मा शोध बसल्या जागीं लागतो.

ज्याला गळती शोधावयाची आहे त्यानें गाडीखालीं शिरण्यापूर्वीं स्वतःस विचारावें कीं वास केव्हां येतो. टाकी कांठोकांठ भरल्यावरच येत असेल आणि अर्धी झाल्यावर जात असेल, तर दोष टाकीच्या वरच्या अंगास आहे. पेट्रोल ओतण्याच्या मानेची रबरी जोडणी, टोपणाखालची चकती, हवा जाण्याची लहान नळी, किंवा कांट्याला टाकीची पातळी कळविणारें जें उपकरण वर बसविलेलें असतें त्याची वळी, यांपैकीं कांहींतरी कोरडें पडून तडकलेलें असतें. इंजिन चालू असतांनाच थेंब पडत असतील तर पंपाच्या पुढच्या भागांत पाहावें. गाडी चालवून आणून उभी केल्यावर दहापंधरा मिनिटांनीं वास भरत असेल, तर इंजिनच्या उष्णतेनें कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळून बाहेर येत आहे, अथवा त्यांतील सुई नीट बसत नाहीं, असा संशय घ्यावा. आणि रात्रभर उभ्या गाडीखालीं सकाळीं ओल आढळली, तर टाकी व तिच्यापासून निघालेली नळी हींच प्रथम आरोपी होत.

ओढणाऱ्या भागांतील भोंक सर्वांत लबाड असतें. इंजिन चालू असतां तेथून पेट्रोल बाहेर न येतां हवाच आंत शिरते. गाडी चढावर गुदमरते, मालक कार्ब्युरेटर उघडून बसतो, आणि खरें दुखणें मागच्या चाकापाशीं असतें. इंजिन बंद झाल्यावर मात्र, टाकी उंचावर असल्यामुळें, एकदां सुरू झालेली धार आपल्याच भारानें वाहत राहते व टाकी रिकामी करूं शकते.

प्रत्यक्ष तपासणी नेहमीं उघड्यावर, इंजिन थंड असतां व बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून करावी. साधा विजेचा दिवा गाडीखालीं नेऊं नये. तो पडून फुटला तर तप्त तार उघडी पडते. बंद आवरणाचा बॅटरीवरील दिवा दूरच पेटवून मग जवळ आणावा. कोरड्या रासायनिक पुडीचें आगविझवणें यंत्र हाताशीं असावें. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगत आग दूरवर नेतें. मग संशयित भाग धुऊन, पुसून, पुरता वाळवावा आणि त्यावर खडूची किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. जेथें पावडर प्रथम भिजून काळवंडेल तेथें दोष. हा उपाय दिसण्यास पोरकट वाटला तरी महागड्या उपकरणांच्या बरोबरीनें काम देतो. एक गोष्ट मात्र विसरूं नये. धावत्या गाडींत वाऱ्यानें थेंब मागें सरकतो आणि तुळईवरून ओघळून भलत्याच ठिकाणीं पडतो. म्हणून डागापासून वर व पुढें जात सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची ओली जागा गांठली पाहिजे.

पंपाकडे विशेष लक्ष द्यावें. त्याच्या पोटांत एक लवचिक पडदा असतो. इंजिनच्या फिरत्या दांड्यावरील उंचवट्यानें एक तरफ हलते, पडदा खालींवर होतो, आणि पेट्रोल दर चौरस इंचास चारसहा पौंडांच्या दाबानें पुढें जातें. पडदा फाटला तर बाहेरच्या कवचांतील मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रांतून थेंब येतात. हें छिद्र म्हणजे कारखानदारानें ठेवलेला निरोप्याच होय. तें लांबी भरून बुजविणारे महाभागहि आढळतात! त्याहून वाईट म्हणजे फाटक्या पडद्यांतून पेट्रोल खालीं इंजिनच्या तेलांत उतरतें. बाहेर एक थेंबहि दिसत नाहीं. म्हणून तेलाची पट्टी काढून हुंगावी. तेल पातळ झालें असेल, त्याची पातळी आपोआप वाढली असेल व त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन सुरू करूं नये. पातळ तेलानें धारवे झिजतात, व कोठीत सांचलेली वाफ पेटण्याचा धोका असतो. पंप बदलावा आणि तेल व त्याची गाळणी हींहि बदलावींत. केवळ पंप बदलून भागत नाहीं.

कार्ब्युरेटरमध्यें पोकळ पितळी तरंगणारा डबा असतो. पेट्रोल पुरेसें झालें कीं तो वर येऊन सुईनें वाट बंद करतो. डब्याला बारीक चीर पडली तर तो बुडतो, वाट उघडी राहते व पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनवर पडतें. डबा काढून कानाशीं हलवावा. आंत खुळखुळलें तर उत्तर मिळालेंच. शंका राहिल्यास गरम पाण्यांत बुडवावा, चिरेंतून बुडबुडे येतात.

रबरी नळ्यांबाबत काटकसर नको. जुन्या रबराला इथेनॉल ठाऊक नव्हतें. अमेरिकेंत दहा टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्रास मिळतें, आणि भारतांत २०२५ सालीं हें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. त्यानें जुनी नळी फुगते, मऊ होते किंवा तडकते. बागेंतील पाण्याची नळी वा पारदर्शक प्लॅस्टिकची नळी कापून लावणें हा तर शुद्ध अविचार. इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठीं बनविलेलीच नळी घ्यावी. नंतरच्या गाड्यांत इंजेक्शनची योजना आली व दाब कित्येक पटींनीं वाढला. तेथें त्या दाबाची नळी नसेल तर ती फुटून फवारा उडतो. पोलादी नळी गंजली असल्यास तेवढाच तुकडा कापून रबर खुपसण्यापेक्षां सबंध नवी नळी, तोंडें दुहेरी वळवून, बसविणें चांगलें.

टाकी बहुधा तळाशीं गंजते, कारण पेट्रोलमधील पाणी तेथें बसतें, व बाहेरून पट्ट्याखालीं ओल धरून राहते. सुईएवढ्या भोंकावर साबण चोळला तर घरापर्यंत पोंचण्यापुरती धार थांबते. त्याहून अधिक त्याची योग्यता नाहीं. अशा टाकीला घरीं डाग देण्याचा विचारहि करूं नये. भरलेल्या टाकीहून रिकामी टाकी अधिक भयंकर असते, कारण तिच्यांत पेट्रोल नसलें तरी वाफ व हवा यांचें मिश्रण असतें, आणि सांध्यांत मुरलेलें पेट्रोल धुतल्यावरहि हळूहळू वाफ सोडतें. नवी टाकी बाजारांत मिळत असतां जुनीवर प्राण पणास लावण्यांत शहाणपण नाहीं.

डिझेल पिकअपची गोष्ट निराळी. डिझेल सहज उडून जात नाहीं; तें तेलकट राहतें व त्यावर धूळ बसून काळा थर होतो, त्यामुळें जागा लवकर सांपडते. आगीचें भय कमी, पण फवारणीच्या नळ्यांत दाब प्रचंड असतो. अदृश्य अशी बारीक धारहि कातडी भेदून आंत शिरते व हात गमावण्याची पाळी येते. तेथें बोटानें चांचपूं नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा.

दुरुस्ती झाल्यावर गाडी उघड्यावर दहा मिनिटें चालवून प्रत्येक सांधा कोरड्या कागदानें टिपून पाहावा. मग टाकी पूर्ण भरून एक रात्र गाडी पुठ्ठ्यांवर उभी ठेवावी. कॅबमधील जाजम काढून उन्हांत टाकावें, कारण त्यांत मुरलेला जुना वास चारसहा दिवस टिकतो, आणि तें आंत असेपर्यंत नवा वास आहे कीं जुना, हें कोणासच सांगतां येत नाहीं.