धुळीआडचं केंद्र

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात-सव्वासातला गच्चीवरून नैर्ऋत्येकडे पाहावं. क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर धनू राशीतली ताऱ्यांची किटली असते. तिच्या तोटीच्या पुढे, पश्चिमेकडे, हात लांब करून तीन बोटं मोजली की आपल्या आकाशगंगेचं केंद्र. अमावास्या असल्याने चंद्राचा उपद्रव नाही. तरी तिथे बघण्यासारखं काही नसतं, आणि त्याचं खापर फटाक्यांच्या धुरावर फोडता येत नाही. मुंबईकर आकाशप्रेमी वर्षानुवर्षं जातात त्या वांगणीच्या अंधारातही तिथे दिसतो तो धुरकट पट्टा आणि त्यातले काळे डाग.

हे डाग म्हणजे रिकाम्या जागा नव्हेत. केंद्र आपल्यापासून सुमारे 27 हजार प्रकाशवर्षं दूर आहे आणि वाटेत ताऱ्यांमधली बारीक धूळ पसरलेली आहे. तिकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. हल्ली समाजमाध्यमांवर किल्ल्याच्या बुरुजामागून उसळलेली आकाशगंगा दाखवणारे फोटो ‘गॅलक्टिक सेंटर’ म्हणून फिरतात. फोटो सुंदर असतात, मेहनतीचे असतात, पण त्यात केंद्र नसतं. असतात ते त्याच्या अलीकडचे तारे आणि धूळ.

तसं आपलं स्थान भाग्याचं आहे. पुण्याहून हा बिंदू दक्षिणेला साडेबेचाळीस अंश वर चढतो, लंडनहून साडेनऊ. पण मध्यरात्री तो सर्वांत उंच असतो तो जूनच्या मध्याला, म्हणजे ऐन मृगाच्या पावसात! रेडिओ लहरींना मात्र ना ढगांची अडचण, ना धुळीची.

त्या लहरी प्रथम सापडल्या त्या कुणी शोधत नसताना. अटलांटिकपलीकडे रेडिओवरून होणाऱ्या फोनच्या संभाषणात खरखर का येते, हे तपासायला बेल लॅबोरेटरीजने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला न्यू जर्सीतल्या होमडेल इथे बसवलं होतं. त्याने सुमारे 30 मीटर लांबीचा अँटेना फोर्ड गाडीच्या चाकांवर चढवला आणि तो वीस मिनिटांत एक फेरी मारेल अशी व्यवस्था केली. विजांची खरखर ओळखता आली. उरली एक मंद, सततची कुजबुज. ती दर 24 तासांनी नव्हे, 23 तास 56 मिनिटांनी त्याच जागी परतायची. ही चार मिनिटांची तूट ताऱ्यांची असते, सूर्याची नाही. उगम धनू राशीच्या दिशेला निघाला आणि 5 मे 1933 रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. कंपनीने जान्स्कीला पुढे दुसऱ्या कामाला लावलं. खरखरीचं कारण कळलं होतं. कंपनीला तेवढंच हवं होतं.

पुढे 1974च्या फेब्रुवारीत ब्रूस बालिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना अमेरिकेतल्याच ग्रीन बँक इथल्या दुर्बिणींतून केंद्राकडच्या त्या लहरींच्या पसाऱ्यात एक अत्यंत बारीक, ठळक स्रोत सापडला. तोच ‘सॅजिटेरियस ए स्टार’. या कामात जुन्नर तालुक्याचाही वाटा आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी कमी कंप्रतेवर हा स्रोत टिपला. त्याच परिसरातला आणखी एक चमत्कारिक पाहुणा 2002मध्ये अमेरिकी दुर्बिणीत दिसला होता. दर 77 मिनिटांनी तो दहा-दहा मिनिटं भडकायचा. 2003 आणि 2004मध्ये जीएमआरटीच्या नोंदींतही तो पुन्हा सापडला. तो नेमका काय आहे, यावर एकमत नाही.

दुसरी वाट अवरक्त किरणांची. त्यांच्यातला साधारण दहावा हिस्सा धुळीतून निसटतो. 1966मध्ये एरिक बेकलिनने माउंट विल्सनच्या 24 इंची दुर्बिणीने केंद्राची अवरक्त नोंद घेतली. ते छायाचित्र नव्हतं. दुर्बीण आकाशावरून सरकत जायची आणि कागदाच्या पट्टीवर पेनची रेघ वर-खाली व्हायची. केंद्राशी ती रेघ उसळली.

नव्वदच्या दशकात राइनहार्ड गेन्झेल यांचा जर्मन गट चिलीतून आणि अँड्रिया गेझ यांचा अमेरिकी गट हवाईतून एकेक तारा मोजू लागला. हवाईचं मौना केआ शिखर नाशिकच्याच अक्षांशावर आहे, फक्त ढगांच्या वर. हवेची थरथर चुकवायला आधी अगदी क्षणभराचे असंख्य फोटो एकमेकांवर जुळवले जात. पुढे नव्वद किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात लेझरने खोटा तारा पेटवून, त्याच्या थरथरीबरहुकूम आरसा वाकवू लागले. एस-2 नावाचा तारा सोळा वर्षांत एक प्रदक्षिणा घालताना दिसला. मे 2018मध्ये तो केंद्राजवळून सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेला. अशा कक्षांवरून मधल्या अदृश्य वस्तूचं वजन निघालं: सुमारे 43 लाख सूर्यांएवढं. दोघांनाही 2020च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

माझ्या मते केंद्राचं सर्वांत खात्रीचं ‘चित्र’ ही कक्षाच आहे. जगभर गाजलं ते मात्र दुसरंच.

12 मे 2022 रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या गटाने त्याच अदृश्य वस्तूभोवतीचं, म्हणजे कृष्णविवराभोवतीचं, नारिंगी कडं दाखवलं. चंद्रावर मेदूवडा ठेवला तर पृथ्वीवरून तो जेवढा दिसेल तेवढंच ते भासतं. त्यासाठी पृथ्वीएवढी दुर्बीण हवी, म्हणून दक्षिण ध्रुवापासून स्पेनपर्यंतच्या आठ दुर्बिणी एप्रिल 2017मध्ये एकाच वेळी तिकडे रोखल्या. लहर 1.3 मिलिमीटरची. नोंदी इतक्या अवाढव्य की हार्ड डिस्का विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्का तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या.

खरी पंचाईत वेगळीच होती. एम-87 दीर्घिकेच्या प्रचंड कृष्णविवराभोवती वायूला फिरायला दिवस-आठवडे लागतात, म्हणून त्याचं चित्र 2019मध्येच आलं. आपल्या धाकट्या विवराभोवती तो काही मिनिटांत फिरतो. रात्रभराच्या निरीक्षणात चित्र सतत बदलत राहिलं. शिवाय आठ दुर्बिणींमधली पृथ्वी रिकामीच, त्यामुळे त्याच नोंदींत बसणारी हजारो चित्रं निघाली. त्यांचे चार गट पाडले. तिघांत कडं होतं, उजळ ठिपक्यांच्या जागा मात्र वेगवेगळ्या. चौथ्या, छोट्या गटात कडंच नव्हतं. आपण पाहिलं ते या सगळ्यांची सरासरी. कड्यावरच्या तीन गाठींच्या जागांवर विसंबू नका, हे खुद्द त्या गटानेच सांगितलं होतं. बातम्यांत ते वाक्य गळलं. नारिंगी रंगही माणसांनी निवडलेला, कारण रेडिओ लहरींना रंग नसतो.

2024मध्ये जपानच्या माकोतो मियोशी यांच्या गटाने 2017च्याच नोंदी नव्याने हाताळल्या. त्यांना गोल कडं नव्हे, पूर्व-पश्चिम किंचित लांबट आकार मिळाला. त्यांच्या मते कडं हा हिशेबाच्या पद्धतीचा दोष. कड्याचा आकार सापेक्षतावादाच्या भाकिताशी आणि ताऱ्यांच्या कक्षांवरून काढलेल्या वजनाशी जुळतो, म्हणून माझा कल अजून कड्याकडेच आहे. पण नोंदी सर्वांना खुल्या नसत्या, तर मियोशींना हा वाद घालताच आला नसता.