पदपथावरचे झाड

पावसाळ्याच्या आरंभी मुंबईत वाऱ्यासह जोराची सर कोसळली, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी हटकून आढळते : रस्त्याकडेचा वृक्ष उन्मळून पडला, वाहनांची हानी झाली, क्वचित एखादा पादचारी प्राणासही मुकला. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळच्या समुद्रातून पुढे सरकले, तेव्हा शहरात शेकडो झाडे पडली. अशा वेळी आपण सारा दोष वाऱ्याच्या माथी मारतो. परंतु पडलेल्या वृक्षाच्या मुळांकडे कोणी निरखून पाहिले, तर निराळीच हकिकत ध्यानी येते. एका बाजूची मुळे पुष्कळदा पूर्वीच तुटलेली असतात आणि उरलेली कुजलेली असतात. वारा केवळ शेवटचा धक्का देतो.

झाडाचे मूळ खोल पाताळात जाते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः बहुतेक वृक्षांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात आणि फांद्यांच्या विस्ताराच्याही पलीकडे जातात. या मुळांना पाण्याइतकीच हवेचीही आवश्यकता असते. सैल मातीच्या कणांमधील पोकळीतून ती त्यांना मिळते. अरण्यात पडलेल्या पानांचे खत होते, गांडुळे माती भुसभुशीत ठेवतात. शहरात मात्र माती रोज पायांखाली व चाकांखाली दबते. तिच्यावर फरशी, डांबर किंवा काँक्रीट बुंध्यापर्यंत येऊन भिडते. मग पाऊस कितीही पडो, पाणी गटारात वाहून जाते आणि मूळ गुदमरते. त्यातच नळ किंवा तारा टाकण्यासाठी चर खणताना आधाराची जाड मुळे तोडली जातात. म्हणूनच २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता.

झाड लावणे ही एका दिवसाची गोष्ट नव्हे. खड्डा रोपाच्या मातीच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट रुंद असावा. खोली मात्र गड्ड्याच्या उंचीइतकीच पुरे. बुंधा मातीखाली पुरला गेला, तर तो कुजण्याचे भय असते. प्लॅस्टिकची पिशवी काढून टाकावी व आत गोल गुंडाळलेली मुळे मोकळी करावी. अन्यथा तीच मुळे पुढे बुंध्याला फास आवळतात. पावसाच्या प्रारंभी रोप लावले, की चार महिने निसर्गच त्याला पाणी पाजतो. खरी परीक्षा त्यापुढच्या उन्हाळ्यात होते. पहिली दोन-तीन वर्षे आळे करून त्यात पाणी घातले नाही, तर जुलैमध्ये समारंभाने लावलेल्या रोपाचा मे महिन्यात काटकाच उरतो.

कोणते झाड कोठे लावावे, याचाही विवेक हवा. वडाची छाया शीतल खरी. पण अरुंद पदपथावर त्याचा विस्तार मावत नाही. मादागास्करहून आलेला गुलमोहर शोभिवंत असला, तरी त्याची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असते. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पर्जन्यवृक्षांनी मुंबईच्या अनेक रस्त्यांवर हिरवी कमान उभारली. परंतु अलीकडच्या काळात पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने त्यांतील पुष्कळ वृक्ष वाळून गेले. रस्ताभर एकाच जातीची झाडे असली, की एकच कीड सारा रस्ता ओसाड करू शकते. म्हणून बहावा, करंज, कडुनिंब आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले ताम्हण अशा विविध वृक्षांची मिश्र लागवड करणे शहाणपणाचे ठरते.

छाटणीतही असाच विचार असावा. इमारतीकडच्या फांद्या तेवढ्या तोडल्या, तर झाडाचा सारा भार रस्त्याकडे झुकतो. फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे किंचित फुगवटा असतो. त्या फुगवट्याला धक्का न लावता त्याच्या बाहेर छेद घेतल्यास जखम हळूहळू भरून येते. जाहिरातीसाठी ठोकलेले खिळे, घट्ट आवळलेल्या तारा आणि वेळीच न काढलेले लोखंडी पिंजरे सालीला इजा करतात. सालीच्या आतील थरातूनच पानांनी केलेले अन्न मुळांपर्यंत पोहोचते. तो मार्ग चहूबाजूंनी तुटला, की मुळे उपाशी राहतात व अखेर झाड मरते.

महाराष्ट्रात १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार परवानगीवाचून झाड तोडणे हा अपराध आहे. परंतु तोडले न जाताही झाड मरू शकते, हे आपण पाहिलेच. कुऱ्हाडीचा घाव सर्वांना दिसतो. मातीवर ओतलेले काँक्रीट मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

आपल्या शाळेच्या वाटेवरील एखादे झाड आजच पाहा. त्याच्या बुंध्याभोवती मोकळी माती आहे काय? सालीत खिळा रुतला आहे काय? असल्यास वडीलधाऱ्या माणसांच्या मदतीने महानगरपालिकेच्या उद्यान विभागास कळवा आणि एप्रिल-मेमध्ये जवळच्या रोपाला बादलीभर पाणी घाला. आपण ज्या सावलीतून चालतो, ती पूर्वी कोणीतरी नेटाने पाणी घालून वाढविलेली आहे. हे ऋण फेडण्याचा मार्ग कठीण नाही. त्यासाठी केवळ सातत्य हवे.