ब्रेकच्या हवेतील तेल

वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय डोळ्यांसमोर येतात. मोटारीच्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेल का येते, हा विषय त्या पंक्तीत बसवावयाचा म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत तेलकट कपड्यांचा फिटर बसविण्यासारखे आहे. परंतु काटोलच्या बसस्थानकावरून नागपूर, नरखेड, वरूड, कोंढाळी या दिशांनी रोज माणसे ये-जा करतात, आणि हंगामात संत्र्यांनी भरलेले ट्रक याच रस्त्यांनी दूरच्या बाजारपेठांकडे निघतात. ही अवजड वाहने वेळेवर थांबतात ती हवेच्या जोरावर. ज्या हवेवर आपला जीव सोपवावयाचा तिची प्रकृती कशी आहे, हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे.

लहान मोटारीत पेडल दाबले की नळीतील द्रव तो दाब चाकापर्यंत पोचवितो. पंधरा-सोळा टनांच्या भरलेल्या गाडीला पायाचे बळ पुरत नाही. तेथे बळ असते दाबलेल्या हवेचे. पाय फक्त झडप उघडतो. ही युक्ती प्रथम आगगाडीत आली. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये अमेरिकेत हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तेथे ब्रेक आवळणारे कामगार धावत्या गाडीच्या टपावरून डब्याडब्यावर जाऊन हाताने चक्र फिरवीत, आणि त्या कामात कितीकांचे प्राण गेले. म्हणजे हा ब्रेक जन्मला तोच प्रवाशाबरोबर कामगारालाही वाचविणारा म्हणून. पुढे तेच तत्त्व मालट्रक आणि बस यांत आले.

आता गाडीखाली काय चालते ते पाहू. कॉम्प्रेसर हा इंजिनाला जोडलेला एक लहानसा पंप होय. त्याचा पिस्टन हवा आत ओढतो, दाबतो आणि एका नळीने पुढे ढकलतो. ती हवा आधी एअर ड्रायरमध्ये जाते. तेथे बाष्प शोषून घेणारे दाणे भरलेले असतात. कोरडी झालेली हवा मग टाक्यांत साठते. टाकीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे आठ किलोपर्यंत चढला की एक झडप कॉम्प्रेसरला दाब भरण्यापासून मोकळे करते; दाब ठरलेल्या मर्यादेखाली उतरला की पुन्हा कामाला लावते. चालकाने पेडल दाबले की टाकीतील हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते, तेथील रबरी पडदा दांड्याला ढकलतो, आणि ब्रेकचे शू ड्रमला भिडतात. पाय उचलला की ती हवा बाहेर पडते. स्थानकावर आपण ऐकतो तो ‘फुस्स’ आवाज बहुधा तिचाच.

यात तेल कोठून आले? पिस्टनला वंगण हवे, आणि ते इंजिनाच्याच तेलातून मिळते. काम झाले की तेल आपल्या वजनाने परत इंजिनात उतरते. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल पिस्टनच्या रिंगा खरवडून खाली आणतात. तरी एक पातळ थर मागे राहतोच, आणि राहिलाच पाहिजे. तो राहिला नाही तर पिस्टन घासून जागीच अडकेल. तेव्हा अशा कॉम्प्रेसरमधून थोडे तेल पुढे जाणे हा दोष नव्हे. दोष आहे ते फार जाणे.

फार तेल गेले म्हणजे काय होते? पहिली आहुती एअर ड्रायरची. दाण्यांवर तेलाचा लेप बसला की ते बाष्प शोषीत नाहीत. मग पाणी आणि तेल दोन्ही टाकीत उतरतात, आणि त्यांचा ताकासारखा पांढुरका किंवा काळपट राडा होतो. टाकी आतून गंजते. काही जातींचे रबर तेलाने फुगते, झडपांच्या बारीक वाटा चिकटतात. परिणामी एखाद्या चाकाचा ब्रेक उशिरा लागतो, किंवा लागलेला उशिरा सुटतो. गाडी एका बाजूला ओढू लागते. हे एका दिवसात घडत नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. एकाएकी हवा गेली तर काटा खाली येतो, इशारा मिळतो, आणि पुष्कळ गाड्यांत स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागून गाडी उभी राहते. तेलाचा बिघाड मात्र उधईसारखा आतून पोखरतो.

ओळखण्याची साधी रीत अशी. ड्रायरनंतरच्या पहिल्या टाकीच्या तळाशी पाणी काढण्याची तोटी असते. ती उघडून समोर पांढरा कागद धरावा. कोरडी हवा आली किंवा कागदाला नुसता ओशटपणा लागला तर काळजीचे कारण नाही. पाणी आले तर ड्रायर थकला आहे. थेंबाथेंबाने तेल किंवा राडा आला तर मुळाशी जाणे प्राप्त आहे.

येथे नेहमी एक घाई होते. तेल दिसले की “कॉम्प्रेसर गेला” असा निकाल देऊन नवा बसवितात. काही महिन्यांत तोही तेल फेकू लागतो, आणि मग मालाला, कंपनीला, नशिबाला दोष लागतो. वस्तुतः पुष्कळदा कॉम्प्रेसर हा आरोपी नसून फिर्यादी असतो. त्याच्यावर कोणी काय लादले आहे, हे आधी पाहावे.

सर्वांत मोठा बोजा गळतीचा. हिशेब करून पाहू. समजा, गाडीच्या सर्व टाक्या मिळून साठ लिटरच्या आहेत, आणि इंजिन बंद असताना दाब मिनिटाला अर्धा किलो उतरतो. म्हणजे दर मिनिटाला बाहेरच्या मोकळ्या हवेच्या मापाने सुमारे तीस लिटर हवा वाया जाते. कॉम्प्रेसर रस्त्यावरच्या वेगात मिनिटाला दोनशे लिटर हवा भरतो असे धरले, तर तासातील नऊ मिनिटे तो केवळ ही गळती भरून काढण्यात घालवील. गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असेल तर त्याची आवक निम्मी होते, आणि नऊची अठरा मिनिटे होतात. जाणकारांचा आडाखा असा की कॉम्प्रेसरने एकूण वेळेच्या चौथाईहून अधिक काळ, म्हणजे तासातील पंधरा मिनिटांहून अधिक, दाब भरीत राहू नये. ब्रेक, हवेवर उघडणारे दार, हवेवरची स्प्रिंग यांचे खरे काम अजून बाकीच आहे. आणि गळतीने त्याच्या वाट्याचा बहुतेक वेळ आधीच खाल्लेला असतो.

१९६१ मध्ये मोटर परिवहन कामगारांसाठी कायदा झाला आणि दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली गेली. माणूस थकला की चुकतो, हे त्यामागचे तत्त्व होते. लोखंडालाही ते लागू आहे. गळक्या गाडीचा कॉम्प्रेसर रोज डबल ड्युटी करतो. तो जितका अधिक काळ दाब भरील तितका अधिक तापेल. तापला की तेल पातळ होते, त्याची वाफ होते आणि हवेबरोबर पुढे जाते. शिवाय ड्रायरचे दाणे पुन्हा कोरडे होतात ते कॉम्प्रेसरच्या विश्रांतीच्या वेळी, उलट सोडलेल्या हवेने. विश्रांती नाही, तर वाळणेही नाही.

दुसरे कारण श्वासाचे. कॉम्प्रेसर ज्या वाटेने हवा घेतो ती धुळीने तुंबली, किंवा तिची रबरी नळी आत चेपली, की पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये पोकळी वाढते. वरून हवा मिळत नाही म्हणून ती पोकळी रिंगांच्या फटीतून खालचे तेल वर ओढते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातील धूळ लक्षात घेता हवेचा फिल्टर पाहणे ही किती स्वस्त आणि किती मोठी दुरुस्ती आहे, हे सांगावयास नको.

तिसरे कारण परतीच्या वाटेचे. तेल आपल्या वजनाने खाली उतरते, म्हणून ती वाट मोकळी हवी. परतीची नळी मुरडली, पॅकिंगला लावलेल्या जादा मसाल्याने भोक बुजले, इंजिनात तेल खुणेच्या वर भरले, किंवा झिजलेल्या इंजिनातील वायूचा दाब खालून वर रेटू लागला, की तेल कॉम्प्रेसरमध्येच साचते. साचलेले तेल मिळेल त्या वाटेने जाते. आणि ती वाट हवेची असते.

चौथे कारण पुढच्या नळीचे. दाबताना हवा तापते. कॉम्प्रेसरमधून निघताना ती सहज दीडशे अंश सेल्सिअसच्या वर असू शकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात मूळचीच तप्त हवा आत गेली की बाहेर पडणारी त्याहून तप्त. या उष्णतेने तेल जळून नळीत काजळी धरते. काजळीने नळी अरुंद होते, अरुंद नळीमुळे दाब व उष्णता वाढते, आणि वाढत्या उष्णतेने आणखी काजळी धरते. म्हणून ही नळी गार असताना सोडून आतून पाहावी. जाड काजळी असेल तर खरवडीत न बसता बदलावी. ड्रायरपर्यंत जाताना हवा निवावी इतकी ती लांब असावी, आणि सतत उतरती असावी. मध्ये झोळ पडला तर त्यात पाणी व तेल साचते.

या चारही वाटा तपासल्यावरच रिंगा आणि सिलिंडर यांच्या झिजेकडे वळावे. झीज असेल तर कॉम्प्रेसर खोलणे किंवा बदलणे योग्यच. तेल अडविणारा थर असलेले ड्रायरचे कार्ट्रिजही मिळते, आणि ते उपयोगी आहे. पण मूळ कारण तसेच ठेवून ते बसविणे म्हणजे छप्पर गळत असताना खाली मोठे पातेले ठेवणे. कॉम्प्रेसर बदलताना मात्र नळीची काजळी आणि तेलाने माखलेले जुने कार्ट्रिज तसेच ठेवू नये. नाहीतर नवा गडी जुन्याच चिखलात उतरतो.

गळती शोधण्यास यंत्रशाळा लागत नाही. गाडी सपाट जागी, चाकांखाली लाकडी ठोकळे लावून उभी करावी. दाब पुरा भरून इंजिन बंद करावे आणि काटा पाहावा; आधी ब्रेक सोडून, मग कोणाला तरी पेडल दाबून धरावयास सांगून. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे आपले ठिकाण सांगतात. याला लागते एक घड्याळ, एक बादली आणि निवांत वेळ. पहिल्या दोन गोष्टी सर्वत्र असतात. तिसरी मात्र कोणीतरी द्यावी लागते. ज्या कारागिराला एका पाळीत आवाक्याबाहेरच्या गाड्या मार्गी लावावयाच्या आहेत, तो बुडबुडे मोजीत बसू शकत नाही.

म्हणून हा प्रश्न निव्वळ यंत्राचा नाही. संघटनेच्या कामात चौकशीची कागदपत्रे वाचताना एक गोष्ट मला वारंवार दिसली: अपघात झाला की पहिला प्रश्न चालकाला विचारला जातो, आणि पुष्कळदा शेवटचाही. त्याचा वेग किती होता, त्याची झोप किती झाली होती, हे विचारलेच पाहिजे. पण टाकीतून शेवटचा राडा केव्हा काढला, ड्रायरचे कार्ट्रिज केव्हा बदलले, “हवा उतरते” ही त्याने लिहिलेली तक्रार कोणी वाचली, हेही त्याच कागदावर आले पाहिजे. चालक बंधूंना माझे सांगणे एवढेच की तक्रार तोंडी सांगून थांबू नका. तारीख, गाडीचा क्रमांक आणि मिनिटाला किती दाब उतरला तो आकडा लिहा. “ब्रेक बरोबर नाही” हे मत झाले. “मिनिटाला अर्धा किलो” हा पुरावा आहे.

ट्रकमालकांनी संत्र्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गाडीची ही परीक्षा करून घ्यावी. गळक्या सांध्याची वायसर ट्रकभर फळापुढे कवडीमोल आहे. आणि प्रवाशांनी, उभ्या गाडीखालून सारखा सूं-सूं आवाज येत असेल तर चालकाशी हुज्जत न घालता तो त्याच्या कानावर घालावा, आणि गाडीचा क्रमांक टिपून आगारात लेखी कळवावा. चालकाच्या तक्रारीखाली प्रवाशाची सही पडली, तर ती बाजूला सारणे कोणालाही अवघड जाईल.